लखम सारंगाचा पट

प्रांतसाहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट हातात घेतले आणि होडीतून आमच्या चिखलात पाय टाकला. पाय थेट पोटरीपर्यंत आत गेला. मागून नाना गोठोस्कर म्हणाले, "बघितलंत साहेब? मी काय सांगत होतो? ह्याला जमीन म्हणायचं?"

साहेबांना उत्तर द्यायला सवड नव्हती, ते पाय ओढून काढण्यात गुंतले होते. माझे सासरे धाकू सारंग पुढे झाले. त्यांना मी मामंजी म्हणायची. त्यांनी साहेबांना हात दिला आणि म्हणाले, "सायबानु, घाबरू नकात. चिखल वरच्यावर असा. खाली घट्ट असा."

नाना मात्र होडीतच उभे राहिले. मग त्यांच्या दोन गड्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन काठाला आणून ठेवलं. पांढरंशुभ्र धोतर, पण एक शिंतोडा नाही. मी माडाआडून बघत होते. मनात आलं, देवा, दोघांपैकी एकालाच चिखल लागायचा होता, तर माणूस तरी नीट बघून निवडायचास.

मी लग्न होऊन उंडलजुव्यावर आले त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. खाडीच्या मुखाशी आमचं हे लहानसं बेट. आमच्याकडे अशा बेटाला जुवा म्हणतात. तीसेक घरं, माडाची झाडं, एक देऊळ, एक गोड्या पाण्याची विहीर आणि चहूकडे खारं पाणी. माझे यजमान तेव्हा आगबोटीवर कामाला होते, वर्षाकाठी एकदा घरी यायचे. घरात मामंजी, सासूबाई आणि मी अशी तिघंच.

त्या वर्षी जुव्यावरच्या कुणाला धड झोप नव्हती. खाडीचं मुख वाळूने भरत चाललं होतं. मोठ्या लाँच आत याव्यात म्हणून वाळू उपसून वाट करायचं ठरलं आणि ते काम नानांना मिळालं. वाट दोन बाजूंनी निघू शकत होती. उत्तरेकडून काढायची तर खडक फोडावा लागणार होता, आणि दक्षिणेकडून काढायची तर मध्ये आम्ही येत होतो. नानांना खडकापेक्षा आम्ही मऊ वाटलो. त्यांनी अर्ज केला की उंडलजुवा हे गाव नाहीच, ती एक पुळण आहे. पुळण म्हणजे वाळूचा उंचवटा. खाडीत अशा पुळणी पावसाळ्यागणिक जागा बदलतात, यंदा इथे तर पुढच्या साली तिथे. पुळणीवर कुणाचा हक्क नसतो, ती उपसून टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. साहेबांनी जुवा पाहून 'पुळण आहे' असं लिहिलं की आम्हाला चूल-बोळकी उचलून काठाला जाऊन बसावं लागणार होतं.

बरं, कागद दाखवावा तर तोही नव्हता. कोणे एके काळी मोजणी झाली तेव्हा मोजणीदार खाडी ओलांडून जुव्यावर आलेच नव्हते. पलीकडच्या काठावर उभं राहून त्यांनी हवा तेवढा निळा रंग फासला असावा. मोजणीच्या नकाशात आमच्या घरांच्या जागी पाणी होतं. आमच्याकडे पुरावा म्हणून एकच वस्तू होती, ती म्हणजे लखम सारंगाचा पट.

हा लखम सारंग मामंजींच्या पणजोबांचा पणजोबा, की त्याच्याही वरचा, हे मामंजींनाही नक्की सांगता यायचं नाही. परदेशची गलबतं मुखाशी येऊन थांबली की त्यांना खाडीत आत आणायचं काम त्याचं. त्याच्याविषयी घरात एकच गोष्ट सांगितली जायची, ती अशी. हा माणूस हाताने चाचपल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. पाऊस ओसरला की लांब बांबू घेऊन होडीत बसायचा आणि दिवसचे दिवस खाडीत जागोजागी बांबू टोचत हिंडायचा. बायको दारात उभी राहून म्हणायची, "चललो ह्यो खाडीक गुदगुल्यो करूक." गोष्ट एवढीच. ती सांगून झाली की सगळे हसायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

त्याने काढलेला खाडीचा नकाशा म्हणजे हा पट. जाड सुती कापड, ते फणसाच्या फळीवर चारी बाजूंनी खिळ्यांनी ठोकलेलं. तो देवांच्या शेजारी भिंतीला टेकवलेला असायचा. रोज उदबत्ती, सणाला हळदकुंकू. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धुराने तो इतका काळवंडला होता की त्यात खाडी कुठली आणि काजळी कुठली ते कळू नये.

आणि त्याचा एक कुळाचार होता. नारळी पुनवेला घरातल्या थोरल्या सुनेने, म्हणजे तेव्हा सासूबाईंनी, खाडीच्या पाण्यात फडकं भिजवायचं, पिळायचं आणि पटासमोरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचं. फिरवायचं पण टेकवायचं नाही. मध्ये बोटभर अंतर राहिलंच पाहिजे. त्याला पटाला फडकं दाखवणं म्हणत. ते झाल्याशिवाय जुव्यावरची एकही होडी पाण्यात जायची नाही. मी नवीन होते, विचारून बसले की आई, हे कशासाठी?

सासूबाई म्हणाल्या, "इचारू नये." मग थोड्या वेळाने त्यांनाच राहवलं नाही. "पटाक पाण्याचो थेंब लागलो तर जुवो बुडतलो. इतक्याच माका ठावक."

फडकं दाखवायला त्या कधी चुकल्या नव्हत्या. पण त्या वर्षी त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. कुणाला दिसू नये म्हणून तो हात सदा पदराखाली. चहाची बशी खडखडते म्हणून चहा मी द्यायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, यंदा फडकं मी दाखवू का? त्या म्हणाल्या, "तू अजून ह्या खाडयेचा पाणी पचवलं नाय." वास्तविक माझं माहेर खाडीच्या पलीकडच्याच काठावरचं. पण सासूबाईंच्या हिशेबात ते परदेशात जमा होतं. त्यांच्या हातचं हे एकच काम उरलं होतं आणि ते त्यांना सोडायचं नव्हतं. मीही पुन्हा विषय काढला नाही.

तर साहेब जुव्यावर आले. देऊळ बघितलं, विहीर बघितली, एका म्हातारीशी दोन शब्द बोलले. माणूस भला वाटत होता, पण भल्या माणसालाही काहीतरी हातात हवं असतं. आमच्या अंगणात येऊन ते म्हणाले, "देऊळ जुनं दिसतंय. पण नाना म्हणतात, पुळणीवर वाळू साठत गेली, मग माणसं आली, मग देऊळ बांधलं. ते चूक आहे हे मी कशावरून म्हणू?"

मामंजी म्हणाले, "आमच्याकडे पट असा सायबानु. आमच्या मूळपुरुषान काढलेलो."

दोघा-तिघांनी मिळून पट बाहेर आणला आणि अंगणात बाजेवर आडवा ठेवला. एरवी अंधारात असणारा तो पट मी पहिल्यांदाच उन्हात पाहिला. काजळीखालून हळूहळू डोळ्यांना खाडी दिसायला लागली. दोन्ही काठ, मुखावरचे खडक, होडीएवढी मोठी एक मासळी, आणि मधल्या पाण्यात लाल रंगाचे लहानमोठे ठिपके. त्यातला एक मोठा, लांबट, एका बाजूला निमुळता. आपलं घर आपल्याला कुठूनही ओळखू येतं. तो आमचा जुवा होता.

मामंजींनी त्यावर बोट धरलं. "ह्यो बघा."

साहेब खाली वाकले. नानाही वाकले. नानांनी ठिपक्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग ते सरळ झाले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "धाकू, हे बाकीचे लाल ठिपके काय आहेत?"

"त्यो पुळणी."

"आणि हा जुवा. तोही लालच."

नाना साहेबांकडे वळले.

"साहेब, तुम्हीच बघा. काठावरची जमीन काळ्या रेघांनी काढलीय. झाडं काढलीत. खडकाला खडक दाखवलंय. आणि पुळणी सगळ्या लाल. त्यांच्याच ओळीत, त्यांच्याच रंगात हा जुवा. ह्यांच्या मूळपुरुषाला जे ठाऊक होतं तेच मी अर्जात लिहिलंय. मी वेगळं काय सांगतोय?"

अंगणात जमलेले सगळे पुढे सरकले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं. "सारंग, नाना म्हणतात ते खोटं नाही हो. रंग एकच आहे."

मामंजींचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. जन्मभर ज्याच्यापुढे हात जोडले त्यानेच भर अंगणात विरुद्ध साक्ष द्यावी, तसं झालं होतं त्यांना. मला तर जुव्यावर येऊन वर्षच झालं होतं, पण ती विहीर, ते अंगण, माझ्या हाताने लावलेली अबोली, सगळं आता जाणार हे मला स्पष्ट दिसलं. साहेबांनी कारकुनाकडे हात केला, कारकुनाने कागद पुढे केले.

"थांबा वायच."

सासूबाई दारातून बाहेर आल्या. डाव्या हातात पितळेची वाटी, उजव्या हातात ओलं फडकं. चारचौघांत त्या कधी अशा पुढे यायच्या नाहीत. त्या साहेबांकडे न बघता म्हणाल्या, "पट बाहेर काढलास, पण तेका फडका दाखवूचा ऱ्हवला. फडका दाखवल्याशिवाय पट वाचूचो नसता."

नाना हसले. साहेबांनी मात्र कागद बाजूला ठेवले. "करू दे त्यांना. त्यांचा देव आहे."

मला समजलं त्या काय करत होत्या. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून जे होतं ते घेऊन त्या आल्या होत्या. त्या बाजेपाशी उभ्या राहिल्या, फडकं दोन्ही हातांत धरलं आणि वाकल्या. इतक्या माणसांसमोर तो उजवा हात त्यांचं ऐकेना. फडकं खालीवर व्हायला लागलं. मी पुढे सरकले, पण तोवर फडकं हातातून सुटलं आणि चट्‌दिशी पटावर पडलं.

सासूबाईंनी झटकन फडकं उचललं, आणि पाणी टिपून घ्यावं म्हणून पदराने पट पुसला. घाईत, घाबरून, चांगला जोर लावून पुसला. पदर उचलला तेव्हा मुखाजवळची सगळ्यात मोठी पुळण पटावर नव्हती. ती पदराला लागली होती.

सासूबाईंनी पदराकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं आणि त्या तिथेच मातीत बसल्या. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"साहेब, लिहून घ्या," नाना म्हणाले. "होता नव्हता तो पुरावाही त्यांनी स्वतःच पुसला."

मी सासूबाईंना सावरायला खाली बसले. त्यांचा पदर माझ्या हातात आला. त्या लाल डागावर माझं बोट गेलं, आणि ते तिथेच थांबलं. बोटाला रवाळ लागलं. मी दोन बोटांत ते चोळलं. ती काव होती, अंगणात रांगोळीखाली सारवतात ती लाल माती, साधी पाण्यात कालवलेली.

इथे माझ्या माहेरचं सांगायला हवं. माझे वडील जाळी आणि शिडं रंगवायचे. नायलॉनची जाळी येण्याआधी सुती जाळी असायची, ती खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून ऐनाच्या झाडाची साल उकळून त्या काढ्यात बुडवायची. त्याचा रंग लालसर तांबडा. दारात हा मोठा हंडा, आणि आम्हा भावंडांचे हात कोपरापर्यंत तांबडे. कावेचा तांबडा आणि सालीचा तांबडा शेजारी ठेवले तर जुने झाल्यावर कुणालाही वेगळे ओळखू येणार नाहीत. फरक एवढाच की काव कापडावर बसते आणि पाणी लागलं की उठून जाते. सालीचा रंग कापडात शिरतो. मग तुम्ही ते कापड समुद्रात वर्षभर भिजवा.

मी पदर सोडला आणि उठून पटाकडे पाहिलं. फडकं पडलं होतं ते नुसतं पुळणीवर नव्हे. ओल पसरत पसरत आमच्या जुव्याच्या निमुळत्या टोकापर्यंत गेली होती. टोक भिजून गडद झालं होतं, पण त्याची कड जशीच्या तशी होती. एक थेंबही रंग बाहेर ओघळलेला नव्हता.

सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. तरी मी मामंजींच्या मागे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामंजी, जुवो पुसून बघा."

त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. "काय?"

"जुवो पुसून बघा. माका वाटता तो जावचो नाय. पुळण काढलेली ती काव. जुवो कावेन काढलेलो नसा. तो सालीच्या रंगात असा, आमच्या जाळ्यांसारखो."

"वाटता, की खात्री असा?"

खोटं बोलायचा मोह झाला. "वाटता," मी म्हटलं.

काय मागत होते मी त्यांच्याकडे! पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही म्हणून ज्या पटाला बापजाद्यांनी जपलं, त्यावर ओलं फडकं घासायचं. आणि माझं चुकलं असतं तर नानांना एक शब्दही बोलायची गरज उरली नसती, जुवा आमच्याच अंगणात आमच्याच डोळ्यांसमोर पुसला गेला असता. साहेब म्हणाले, "सारंग, ती काय म्हणतेय?"

मामंजींनी सांगितलं. साहेबांनी पुन्हा चष्मा चढवला आणि पुसल्या गेलेल्या जागेवर नाक टेकेल इतके वाकले. "गंमत आहे," ते पुटपुटले. "ही पुळण गेली, पण हिच्या खाली पुसट डाग आहेत. एक इकडे, एक थोडा खाली. ह्याच पुळणीसारखेच, पण जागा वेगळ्या."

मामंजींनी मातीत पडलेलं फडकं उचललं, वाटीतल्या पाण्यात बुडवून खळखळून धुतलं आणि पिळलं. मला वाटलं आता पुसतील. ते नानांकडे वळले.

"नानानु, ह्या घेवा फडका. तुमीच पुसा."

नाना एक पाऊल मागे सरले. "मी? मी कशाला?"

"आमी पुसला तर तुमी म्हणशात, हळू पुसला."

जमलेल्यांत कुणीतरी खोकलं. साहेब म्हणाले, "पुसा ना, नाना. पुळण आहे असं तुमचंच म्हणणं आहे. गेली तर तुमचंच काम सोपं होईल."

नानांना नाही म्हणता येईना. त्यांनी बाह्या वर केल्या, फडक्याची घडी केली आणि जुव्याच्या टोकापासून पुसायला सुरुवात केली. मी डोळे मिटले. मग वाटलं, मिटून काय होणार, आणि उघडले. फडक्याला काहीतरी लागून येत होतं. पण ते काळं होतं, लाल नव्हतं. ती काजळी होती. नानांनी फडकं उलटलं आणि जोर लावला. कपाळावर घाम आला, धोतराचा सोगा पाण्यात भिजला. एवढा वेळ जपलेलं धोतर, आता त्याला ओली काजळी लागली. ते घासत होते आणि जुवा उजळत होता. पिढ्यांचा धूर निघून गेला आणि खालून चांगला तेजदार तांबडा रंग वर आला, माझ्या वडिलांच्या हंड्यातून आत्ताच काढलेल्या शिडासारखा. आणि त्या तांबड्यात, मधोमध, काजळीने झाकलेलं एक बारीक काळं वर्तुळ दिसायला लागलं. त्याला चार पायऱ्या.

"ती बाव," मागून कुणीतरी म्हणालं.

आमची विहीर. सकाळीच मी तिच्यावरून पाणी आणलं होतं. आजही तिला चारच पायऱ्या आहेत.

"नाना, पुरे," साहेब म्हणाले. "कापड फाटेल."

सासूबाईंनी अजून तोंडावरचे हात काढले नव्हते. हातांआडूनच त्यांनी विचारलं, "गेलो?"

"नाय गो," मामंजी म्हणाले. "असा."

"खय असा?"

"हय असा. नानान घासल्यान तरी असा."

सासूबाईंनी बोटांतून बघितलं. मग हात खाली घेतले. मग त्या रडायला लागल्या, आणि त्यांना बघून मीही. जुव्यावरच्या सगळ्या बायका रडत होत्या आणि सगळे पुरुष एकदम बोलत होते. त्या गलक्यात मामंजी खालीच बसले आणि हसायला लागले. इतके हसले की साहेबांनी त्यांच्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

"गुदगुल्यो," ते म्हणत होते. "अरे, खाडीक गुदगुल्यो."

साहेबांना काही कळेना. मामंजींनी डोळे पुसत त्यांना ती गोष्ट सांगितली. पाऊस ओसरला की लखम सारंग बांबू घेऊन खाडीत हिंडायचा. कशाला? तर यंदा पुळणी कुठे सरकल्या ते चाचपायला. घरी येऊन काय करायचा? ओल्या फडक्याने गेल्या सालच्या पुळणी पुसायचा आणि यंदाच्या काढायचा. म्हणून त्या कावेत. आणि जे हलत नाही ते पक्क्या रंगात, पुन्हा हात लावायला नको. फडकं पुसण्यासाठीच होतं. तो मेला, पुळणी काढणारं कुणी उरलं नाही. फडकं तेवढं सुना फिरवत राहिल्या. बोटभर अंतर कुठल्या पिढीत आलं देव जाणे.

"आणि आमी हय उदबत्ती लावतो," मामंजी म्हणाले, "लावतो, लावतो, लावतोच."

साहेबांनी बाजेच्या कडेवर बसूनच पंचनामा लिहिला. लिहिताना ते मोठ्याने म्हणत होते, म्हणून मला आठवतं. ज्याने पुळणी पुसता येतील अशा काढल्या, त्यानेच हा जुवा न पुसता येईल असा काढला, सबब तो स्वतः ह्यास पुळण समजत नव्हता. सबब उंडलजुव्याची रीतसर मोजणी व्हावी. खाली नानांनी सही केली. जाताना त्यांनी गड्यांच्या खांद्यावर बसायचंही मनावर घेतलं नाही, सरळ चिखलातून चालत होडीकडे गेले. मला त्यांची थोडी कीवच आली. थोडीच.

पुढच्या हिवाळ्यात मोजणीदार साखळ्या घेऊन आले. तेही चिखलात रुतले आणि मामंजींनी त्यांनाही ओढून काढलं. लाँचची वाट उत्तरेकडून निघाली. खडक फुटत होता तेव्हा त्याचे आवाज आमच्या ओसरीवर ऐकू यायचे, आणि मामंजी दर आवाजाला मान डोलवायचे. जणू गाणंच चाललंय.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, जोर ओसरल्यावर मामंजींनी लांब बांबू तोडला आणि होडी घेऊन निघाले. नारळी पुनवेआधी होडी पाण्यात गेली म्हणून जुव्यावर थोडी कुजबुज झाली. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. त्या काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनीही कुणाला निराश केलं नाही.

नारळी पुनवेला मी काव कालवून ठेवली. पट बाजेवर आडवा घातला. मामंजी बोटाला काव लावून पुळणी काढायला तयार बसले. पुसायचं काम थोरल्या सुनेचं. सासूबाईंनी खाडीच्या पाण्यात फडकं भिजवलं, पिळलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझ्या हातात देतील. मी हात पुढेही केला.

"थांब," त्या म्हणाल्या. उजवा हात त्यांनी पदराखालून बाहेर काढला, सगळ्यांसमोर, आणि फडकं पटावर टेकवलं. तो कापतच होता. "आता हात कापलो तरी कायएक बिघडना नाय."

आणि त्यांनी दाबून, सावकाश, मुखापासून आतपर्यंत अख्खी खाडी पुसून काढली. जुवा तेवढा राहिला.